दगडाखालचा मासा आणि पळून आलेला पोप

गोव्याचा कार्निव्हल राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी संपतो. दुसऱ्या दिवसापासून ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ सुरू होतो आणि ढोलताशे, रंग, सोंगे सारे गुंडाळून ठेवले जाते. युरोपातही बहुतेक ठिकाणी हाच शिरस्ता आहे. स्वित्झर्लंडच्या ईशान्य टोकावर असलेले एर्माटिंगेन हे गाव मात्र तो पाळत नाही. तिथला कार्निव्हल येतो तो ईस्टरच्या बरोबर तीन आठवडे आधीच्या रविवारी, म्हणजे उपवासकाळ अर्ध्यावर आलेला असताना. बाकीच्या गावांतले मुखवटे तोवर पेटीत जाऊन कितीतरी दिवस झालेले असतात. एर्माटिंगेनचे लोक तेव्हा वाजतगाजत रस्त्यावर उतरतात आणि दर तीन वर्षांनी तर मोठी मिरवणूक काढतात. मिरवणुकीत मानाचे स्थान असते एका अवाढव्य माशाला. रुंद डोके आणि फाकलेले तोंड असलेला हा मासा बनवलेला असतो. खरा मासा माणसाच्या तळहातावर मावेल एवढाच असतो. त्याचे नाव ग्रोपे, आणि या उत्सवाचे नाव ग्रोपेनफासनाख्ट, ग्रोपेचा शिमगा.

एवढ्या छोट्या माशाला एका गावाने एवढा मान का द्यावा, याचे उत्तर शोधायला गेले की चर्चची भांडणे, सरोवराच्या पाण्याची चढउतार आणि गरिबांची चूल या तिन्ही गोष्टींपाशी जावे लागते.

आधी माशाची ओळख. ग्रोपे हा थंड, स्वच्छ, वाहत्या किंवा लाटांनी खळाळणाऱ्या पाण्यातला तळाचा मासा. लांबी साधारण दहा ते पंधरा सेंटिमीटर. शरीराच्या मानाने डोके फार मोठे आणि वरून दाबल्यासारखे चपटे. डोळे डोक्याच्या माथ्यावर, कल्ल्यांच्या झाकणावर काटा आणि दोन्ही बाजूंना पंख्यासारखे पसरलेले पर. अंगावर खवले नाहीत, असते ती दगडाच्या रंगाशी मिळतीजुळती तपकिरी-करडी नक्षी. ज्यांनी खाडीकाठच्या चिखलात निवट्या पाहिल्या आहेत, त्यांना हा चेहरा अगदीच परका वाटणार नाही. बहुतेक माशांच्या पोटात हवेची पिशवी असते आणि तिच्या आधाराने ते पाण्यात तरंगते राहतात. ग्रोपेला ती नसते. त्यामुळे तो पोहतो तो झटक्याझटक्याने, एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत, आणि मग पुन्हा तळाला बसतो. दिवसा दगडाखाली दडून राहायचे आणि रात्री बाहेर पडून पाण्यातले किडे, छोटे कवचधारी प्राणी खायचे, हा त्याचा दिनक्रम.

त्याच्या विणीची रीतही दगडाशीच बांधलेली आहे. हिवाळा सरता सरता नर एखाद्या दगडाखालची पोकळी साफसूफ करून ताब्यात घेतो. मादी आत येऊन उलटी होते आणि दगडाच्या खालच्या बाजूला, म्हणजे त्या घराच्या छताला, अंडी चिकटवून निघून जाते. पुढचे काही आठवडे नर तिथेच ठाण मांडून असतो. परांनी पाणी हलवत राहून तो अंड्यांना ताजे पाणी पुरवतो आणि घुसखोरांना हुसकावतो. दगडाखाली हात घालणाऱ्या माणसासमोर मात्र त्याचे काही चालत नाही. जागा न सोडण्याची ही सवयच त्याला माणसाच्या हाती देते.

एर्माटिंगेन वसले आहे बोडनझे सरोवराच्या धाकट्या, उथळ भागाच्या काठावर. या भागाला उंटरझे म्हणतात. समोर रायखेनाउ बेट दिसते. त्या बेटावर आठव्या शतकात बेनेडिक्टाइन मठ स्थापन झाला आणि एर्माटिंगेन पुढे शतकानुशतके त्याच मठाच्या अमलाखाली राहिले. पूर्वेला काही किलोमीटरवर कॉन्स्टान्झ शहर आहे. १४१४ च्या नोव्हेंबरात त्या शहरात सगळे पाश्चात्त्य ख्रिस्ती जग लोटले. त्या वेळी चर्चला एकाच वेळी तीन पोप होते आणि तिघेही स्वतःला खरे म्हणवत होते. हा तिढा सोडवायला जर्मन राजा सिगिस्मुंड याच्या पुढाकाराने धर्मपरिषद भरली. काही हजार वस्तीच्या त्या शहरात कार्डिनल, बिशप, सरदार, पंडित, सराफ, नानबाई आणि वादक यांची एवढी गर्दी झाली की त्या गर्दीचीच एक बखर झाली. कॉन्स्टान्झचा रहिवासी उलरिच रिखेनटाल याने ती लिहिली. तिच्या हस्तलिखितांतल्या चित्रांत धर्मसभांइतकीच बाजाराला जागा आहे. त्यांत मासे विकणारे दिसतात आणि चाकांच्या गाड्यावर भट्टी ठेवून पाव भाजणारेही दिसतात.

तीन पोपांपैकी एकटा तेविसावा जॉन स्वतः परिषदेला हजर होता. त्याचे मूळ नाव बाल्दास्सारे कोस्सा. परिषद आपल्यालाच कौल देईल या आशेने तो आला होता, पण वारे उलटे फिरले आणि तिघांनीही पद सोडावे अशी मागणी जोर धरू लागली. २० मार्च १४१५ रोजी त्याचा पाठीराखा, ऑस्ट्रियाचा ड्यूक फ्रेडरिक, याने शहराबाहेर घोडेस्वारांच्या झुंजीचा खेळ ठेवला. सगळे खेळ पाहण्यात गुंतले असताना पोप वेष पालटून, करडा झगा अंगावर घेऊन, एका लहानशा घोड्यावरून निसटला. तो सरोवराच्या काठाने एर्माटिंगेनला आला आणि तिथून होडीने ऱ्हाइनच्या प्रवाहात शाफहाउझेनकडे निघून गेला. हा सारा इतिहास आहे.

यापुढची गोष्ट गावाची आहे. पोप भुकेला होता, उपवासकाळ असल्याने मांस वर्ज्य होते, म्हणून गावकऱ्यांनी त्याला घरात होते तेच वाढले: तळ्यातले ग्रोपे. पोप तृप्त झाला आणि त्या पाहुणचाराच्या बदल्यात त्याने गावाला उपवासकाळातही कार्निव्हल साजरा करण्याची सूट दिली.

गोष्ट गोड आहे, पण तारखा तिला पुरती साथ देत नाहीत. १४१५ साली ईस्टर ३१ मार्चला होता. म्हणजे ज्या रविवारी आज ग्रोपेचा शिमगा होतो, तो रविवार त्या वर्षी १० मार्चलाच होऊन गेला होता. पोप आला तो त्यानंतर दहा दिवसांनी, ईस्टरच्या आधल्या, म्हणजे झावळ्यांच्या रविवारच्या तोंडावर. रिखेनटालने पलायनाची हकिगत सांगितली आहे, पण तीत ग्रोपेच्या जेवणाचा पत्ता नाही. शिवाय हा मधला रविवार चर्चच्या पंचांगात आधीपासूनच आनंदाचा मानला जात असे. लांबलेल्या उपवासाच्या मध्यावर लोकांना थोडा दिलासा मिळावा, वेदीवर फुले दिसावीत, अशी त्यामागची कल्पना. युरोपात अनेक ठिकाणी याच सुमारास हिवाळ्याला निरोप देण्याचे खेळ होत. तेव्हा कोळ्यांच्या गावात वसंताचा एक जुना सण आधीपासून असावा आणि पळून आलेल्या पोपची आठवण पुढे त्याला येऊन चिकटली असावी, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

मग सणाच्या मध्यभागी ग्रोपेच का? याचे उत्तर पोपजवळ नाही. ते पाण्याजवळ आहे.

बोडनझे हे बांध घालून नियंत्रित न केलेले सरोवर आहे. आल्प्सवर बर्फ साठते तेव्हा त्याचे पाणी उतरत जाते आणि बर्फ वितळले की चढते. जून-जुलैत ते भरून येते, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये सर्वांत खाली असते. दोन्हींतला फरक दीड मीटरच्या आसपास जातो. उंटरझे उथळ असल्याने कडक थंडीत मोठ्या सरोवराच्या आधी गोठते. आता हे सारे मांडून पाहावे. मार्चमध्ये बर्फ सुटलेले असते, पाणी मागे हटलेले असते, एरवी पाण्याखाली असणारे दगडधोंडे गुडघाभर पाण्यात आलेले असतात. नेमक्या त्याच दिवसांत ग्रोपे विणीसाठी काठाजवळच्या दगडांखाली घर करून बसलेला असतो. हिवाळ्याचा साठा संपत आलेला असतो, नवे पीक अजून लांब असते आणि धर्माने मांसाला मनाई केलेली असते.

मराठी वाचकाला यातली एक गोष्ट वेगळी वाटेल. आपल्याकडे श्रावण लागला की ताटातून सर्वांत आधी मासा जातो. मध्ययुगीन युरोपात उपवासाचे अन्न म्हणजेच मासा होता. चाळीस दिवस मांस नाही, आणि अनेक प्रांतांत दूध, लोणी, अंडीही नाहीत. श्रीमंतांच्या घरी आणि मठांत यासाठी कार्प मासे पाळलेल्या तळ्यांतून येत, उत्तरेच्या समुद्रातले खारवलेले हेरिंग पिंपांतून येत. ज्यांना यातले काहीच परवडत नसे, त्यांच्यासाठी दगडाखालचा मासा होता. त्याला होडी लागत नव्हती, मोठे जाळे लागत नव्हते. मूल, म्हातारा, घरची बाई, कोणीही टोपली घेऊन काठावर जाऊ शकत असे.

हे उपवासाचे नियम पुढे युरोपच्या इतिहासाला कलाटणी देण्याइतके तापले. १५२२ च्या मार्चमध्ये, उपवासकाळातच, झुरिखमध्ये छापखानदार क्रिस्टोफ फ्रोशाउअर याच्या घरी कामगारांनी सॉसेज खाल्ले. धर्मोपदेशक उलरिच झ्विंगलीने त्यांची उघड बाजू घेतली आणि स्विस धर्मसुधारणेची ठिणगी तिथे पडली. थुरगाउ प्रांत, ज्यात एर्माटिंगेन येते, लवकरच या सुधारणेच्या प्रभावाखाली आला. उपवासाची सक्ती गेली. ग्रोपेचा शिमगा मात्र उपवासकाळाच्या मध्यावरची आपली जागा धरून राहिला.

ग्रोपे धरण्याची रीत एर्माटिंगेनची एकट्याची नाही आणि ती मध्ययुगाच्याही कितीतरी मागे जाते. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने प्राण्यांविषयीच्या आपल्या ग्रंथात माशांना ऐकू येते की नाही याची चर्चा केली आहे. कान दिसत नाहीत, पण आवाजाने मासे बिचकतात, हे दाखवायला त्याने दिलेल्या उदाहरणांत एक आहे नदीतल्या खडकांखाली राहणाऱ्या छोट्या माशांचे. काही लोक त्यांना कोट्टोस म्हणतात, असे तो सांगतो. लोक त्या खडकांवर दगड आपटतात, आवाजाने भांबावलेले मासे बाहेर पडतात आणि पकडले जातात. एका मोठ्या तत्त्वचिंतकाने आपला मुद्दा सिद्ध करायला पोरासोरांची मासेमारी साक्षीला आणली, ही फार मोलाची नोंद आहे. पुढे १७५८ मध्ये लिनियसने प्राण्यांना शास्त्रीय नावे दिली तेव्हा ग्रोपेच्या वाट्याला कॉटस गोबिओ हे नाव आले.

दगड आपटण्याखेरीज दोन रीती मध्य युरोपात सर्रास होत्या. पहिली हाताने धरण्याची. प्रवाहाच्या खालच्या बाजूने यायचे, म्हणजे गढूळ झालेले पाणी आपोआप मागे वाहून जाते. मग दगड अगदी सावकाश, एका कडेने उचलायचा. मासा लगेच पळत नाही, रंगाच्या भरवशावर तसाच बसून राहतो. त्याच्या पुढून एक हात आणि मागून दुसरा हात आणला की तो ओंजळीत येतो. दुसरी रीत काट्याची. जेवणाचा लोखंडी काटा काठीला घट्ट बांधायचा आणि दगड उचलताच नेम धरून टोचायचा. पाण्यातली वस्तू दिसते त्यापेक्षा खोल असते, हे भौतिकशास्त्र कित्येक पिढ्यांच्या मुलांनी या काट्यानेच शिकून घेतले.

गळ टाकणाऱ्यांची नजर वेगळी होती. १६५३ मध्ये इंग्लंडमध्ये आयझॅक वॉल्टनचे ‘द कम्प्लीट अँग्लर’ हे मासेमारीवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात या माशाला जागा आहे. दिसायला तो मुळीच देखणा नाही, असे वॉल्टन सांगतो, आणि मग त्याचे चपटे डोके, रुंद तोंड, ठिपके, पर यांचे बारकाईने वर्णन करतो. उन्हाळ्यात हा मासा सपाट दगडावर ऊन खात पडतो, त्याच्या तोंडाजवळ छोट्या गांडुळाचे आमिष नेले तरी तो हलत नाही आणि आमिष कधी नाकारत नाही, त्यामुळे अगदी नवख्यालाही तो मिळतो, असा त्याचा अनुभव. चवीच्या आणि पोषणाच्या बाबतीत मात्र वॉल्टन त्याला कमी लेखत नाही. त्यासाठी तो सोळाव्या शतकातला इटालियन वैद्य माट्टिओली याचा हवाला देतो.

बोडनझेच्या परिसरातल्या माशांकडे अभ्यासू नजरेने पाहिले जाऊ लागले तेही सोळाव्या शतकातच. कॉन्स्टान्झच्या ग्रेगोर मांगोल्टने सरोवरातल्या माशांवर लिहिलेले पुस्तक १५५७ मध्ये झुरिखला छापले गेले आणि पुढच्याच वर्षी झुरिखचा वैद्य व निसर्गअभ्यासक कोनराड गेसनर याने आपल्या प्राणिकोशाचा जलचरांवरचा मोठा खंड काढला.

तरीही सरकारी दप्तरांत छोट्या माशाला फारसे स्थान नसते. ज्या माशावर कर बसतो, ज्याचे हक्क लिलावात जातात, ज्याचा भाव बाजारात पुकारला जातो, त्याचे कागद उरतात. सामन, ट्राउट, सरोवरातला पांढरा फेलखेन यांचे तसे आहे. ग्रोपे बहुतेक घरच्या चुलीपुरता धरला जात असे. मोठ्या कोळ्यांना तो हवा असे तो आमिष म्हणून, ट्राउट आणि ईल गळाला लावण्यासाठी. अशा माशाचा इतिहास सणात, घराण्याच्या नावात, मुलांच्या खेळात शोधावा लागतो. फ्रान्समध्ये त्याचा शोध थेट दरबारात नेतो. तिथे या माशाला शाबो म्हणतात, आणि शाबो नावाच्या सरदार घराण्याने सोनेरी पार्श्वभूमीवर तीन लाल शाबो मासे आपल्या ढालीवर मिरवले. पहिल्या फ्रान्सिस राजाचा नौदलप्रमुख फिलिप द शाबो, मृत्यू १५४३, याच घराण्यातला.

पळालेल्या पोपचे पुढे काय झाले, तेही सांगायला हवे. त्याला पकडून परत आणण्यात आले, २९ मे १४१५ रोजी परिषदेने त्याला पदच्युत केले आणि काही काळ त्याला गॉटलिबेनच्या गढीत कैदेत ठेवले गेले. गॉटलिबेन हे एर्माटिंगेन आणि कॉन्स्टान्झ यांच्या मधे, त्याच काठावर आहे. त्याच गढीत त्या वसंतात बोहेमियाचा धर्मसुधारक यान हुसही कैदेत होता. हुसला ६ जुलै १४१५ रोजी कॉन्स्टान्झमध्ये जिवंत जाळण्यात आले. कोस्साची पुढे सुटका झाली आणि तो १४१९ मध्ये फ्लॉरेन्समध्ये वारला. पोपला पळून जायला मदत केल्याची किंमत ड्यूक फ्रेडरिकने मोजली. सिगिस्मुंडने त्याला बहिष्कृत करताच स्विस संघाच्या फौजांनी त्याच्या हाब्सबुर्ग घराण्याचा आरगाउ प्रांत, त्यातल्या मूळ हाब्सबुर्ग गढीसकट, जिंकून घेतला. एर्माटिंगेनला आलेल्या त्या छोट्या घोड्याने स्वित्झर्लंडचा नकाशा बदलायला हातभार लावला.

ग्रोपेवर खरे संकट आले एकोणिसाव्या शतकात. १८५० नंतरच्या दशकात फ्रान्सने ऱ्हाइनच्या काठी, बाझेलजवळ ह्युनिंग इथे माशांची अंडी कृत्रिमरीत्या उबवण्याचे मोठे केंद्र उभारले आणि ट्राउट-सामनची पैदास हा सरकारी कार्यक्रम झाला. ट्राउट पाळणाऱ्यांच्या दृष्टीने ग्रोपे हा अंडी खाणारा चोर ठरला. तो अंडी खातो हे खरे आहे. पण तोच ट्राउटचे अन्नही आहे आणि हे दोन्ही मासे माणसाच्या आधीपासून एकाच प्रवाहात नांदत आले आहेत, ही बाजू त्या काळच्या हिशेबात आली नाही.

त्यानंतर ओढे-नद्या सरळ केल्या गेल्या. पुराचा जोर मोडायला काठ बांधले, तळ काँक्रीटचे झाले, आणि उतार कमी करण्यासाठी प्रवाहात पायऱ्या घातल्या गेल्या. ट्राउट उडी मारून पायरी चढतो. हवेची पिशवी नसलेल्या, तळाला सरपटणाऱ्या ग्रोपेला पंधरा-वीस सेंटिमीटरची पायरीही ओलांडता येत नाही. पूर आला की तो खाली वाहून जातो आणि परत वर येऊ शकत नाही. अशा रीतीने एकेका ओढ्याचा वरचा भाग ग्रोपेविना रिकामा होत गेला.

सरोवरात वेगळीच अडचण झाली. विसाव्या शतकाच्या मध्यापासून सांडपाणी, धुण्याची पावडर आणि शेतातली खते यांतून फॉस्फरस येऊ लागला. १९८० च्या सुमारास बोडनझेच्या मुख्य भागात त्याचे प्रमाण दर घनमीटर पाण्यात ८० मिलिग्रॅमच्या वर गेले होते. शेवाळ माजले, ते मरून तळाला बसले. ज्या माशाचे घरच दोन दगडांमधली मोकळी फट आहे, त्याच्यासाठी गाळाने बुजलेली फट म्हणजे बेघर होणे. सरोवराच्या काठचे देश १९५९ पासून संयुक्त आयोगामार्फत पाण्याच्या रक्षणासाठी एकत्र आले होते. सांडपाणी शुद्धीकरणावर मोठा खर्च झाला, स्वित्झर्लंडने १९८६ मध्ये कपडे धुण्याच्या पावडरीत फॉस्फेट वापरायला बंदी घातली, आणि या शतकाच्या पहिल्या दशकात फॉस्फरस पुन्हा दहा मिलिग्रॅमच्या खाली आला.

या साऱ्या काळात ग्रोपेची प्रतिष्ठाही बदलली. युरोपीय संघाने १९९२ च्या अधिवास-संरक्षण निर्देशात त्याचे नाव घातले. २००५ मध्ये फ्रायहोफ, कोटेला आणि नोल्टे या संशोधकांनी युरोपातल्या ग्रोपेच्या कुळाची नव्याने छाननी करून आठ नव्या जाती वर्णन केल्या. शतकानुशतके एकच समजला गेलेला हा मासा नदीगणिक वेगळा निघाला. कारण उघड आहे, जो दगड सोडून लांब जात नाही त्याचे कूळ आपल्याच खोऱ्यात वाढत राहते. जर्मनीत २००६ चा ‘वर्षाचा मासा’ म्हणून ग्रोपेचीच निवड झाली.

आज एर्माटिंगेनमध्ये पोट भरण्यासाठी कोणी दगड उलटत नाही. ग्रोपे जिथे आहे तिथे पाणी थंड, प्राणवायूने भरलेले आणि तळ मोकळा आहे असे समजले जाते, म्हणून आता त्याला शोधतात ते मोजणी करणारे जीवशास्त्रज्ञ. स्वित्झर्लंडमध्ये २०११ पासून लागू झालेल्या सुधारित जलसंरक्षण कायद्याने जलविद्युत प्रकल्पांमुळे माशांच्या वाटेत आलेले अडथळे २०३० पर्यंत दूर करायचे आणि सुमारे चार हजार किलोमीटर लांबीचे बांधलेले प्रवाह पुढच्या काही पिढ्यांत मोकळे करायचे ठरवले आहे. छोट्या ओढ्यांत त्यासाठी उभ्या पायऱ्या फोडून दगडांचे खडबडीत, सौम्य उतार बांधले जातात. उतार किती तीव्र असावा, दोन दगडांत फट किती ठेवावी, प्रवाहाचा वेग किती असावा, हे ठरवताना अभियंते आता उडी मारणाऱ्या ट्राउटबरोबर सरपटत चढणाऱ्या ग्रोपेचेही माप घेतात.